डिझाईन मूव्हमेंट्स: सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

हे प्रश्न लोकांनी पाठवलेलेच आहेत, तेच तेच परत आलेले फक्त एकत्र केलेत. बरेचसे डिझाईनच्या एन्ट्रन्सची तयारी करणाऱ्यांचे, काही नुसत्याच हौशी लोकांचे. नंबर दिलेत कारण उत्तरांत एकमेकांचा उल्लेख येत राहतो. सगळ्या मूव्हमेंट्स यात नाहीत, ज्यांच्याबद्दल विचारलं जातं त्याच आहेत.

१. डिझाईन मूव्हमेंट आणि डिझाईन स्टाईल एकच ना?

नाही. स्टाईल म्हणजे दिसणं. मूव्हमेंट म्हणजे काही लोकांनी एकत्र येऊन "आत्ता जे चाललंय ते चुकतंय, असं करायला पाहिजे" म्हणणं, आणि मग त्यासाठी मासिक काढणं, शाळा काढणं, प्रदर्शन भरवणं, जाहीरनामे लिहिणं. दिसणं त्यातून येतं. मूव्हमेंट संपते आणि दिसणं मागे उरतं, आणि लोक त्या उरलेल्यालाच मूव्हमेंट समजतात. म्हणून लक्षणांची यादी पाठ करायच्या आधी ही मंडळी कोणाशी भांडत होती ते बघा, निम्मी लक्षणं तिथेच कळतात. काही नावं मात्र अशी आहेत की भांडण वगैरे काही नव्हतं, नाव नंतर कोणीतरी चिकटवलं (प्रश्न ६ आणि १४).

२. सुरुवात कुठून धरायची? प्रत्येक पुस्तकात वेगळं वर्ष दिलंय.

बहुतेक जण १८५१ पासून धरतात आणि ते बरोबर वाटतं. त्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभा केला, साठ लाखांच्या आसपास लोक बघायला आले. गंमत म्हणजे इमारत साधी, कारखान्यात बनवलेल्या सुट्या भागांची, आणि आत मांडलेल्या वस्तू मात्र नक्षीने लडबडलेल्या, कारण मशीनवर नक्षी स्वस्त झाली होती आणि कुठे थांबायचं ते कोणालाच कळत नव्हतं. पुढची साठ-सत्तर वर्षं जे वाद झाले ते बरेचसे याच प्रश्नावर, की मशीनने बनवलेली वस्तू दिसावी तरी कशी.

३. आर्ट्स अँड क्राफ्ट्सवाले मशीनच्या विरोधात होते असं शिकवतात. आणि सामान्य माणसासाठी सुंदर वस्तू म्हणायचे, मग त्या वस्तू फक्त श्रीमंतांकडेच कशा?

दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: या इंग्लिश मूव्हमेंटचा पुढारी, डिझायनर विल्यम मॉरिस, याचा राग मशीनपेक्षा मशीनभोवतीच्या कामाच्या पद्धतीवर जास्त होता, म्हणजे एका माणसाने दिवसभर एकच तुकडा करत बसायचं आणि पूर्ण वस्तू त्याने कधी बघायचीच नाही, यावर. हा विचार कलासमीक्षक जॉन रस्किनकडून आलेला. मॉरिसच्या मर्टन ॲबीच्या वर्कशॉपमध्ये जॅकार्ड माग होते, म्हणजे नक्षी विणणारी यंत्रंच. अमेरिकेत तर आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने १९०१ मध्ये भाषण देऊन सांगितलं की मशीन हे कलाकाराचं हत्यारच आहे. तेव्हा "मशीनविरोधी" हे एका शब्दातलं उत्तर परीक्षेत चालून जाईल पण अर्धवट आहे.

दुसरा प्रश्न खरा अवघड. १८६१ मध्ये मॉरिसने मित्रांबरोबर फर्म काढली, वॉलपेपर, कापड, रंगीत काचा, फर्निचर. हाताने, लाकडी ठशांनी, नैसर्गिक रंगांत, कारागिराला नीट मजुरी देऊन केलेलं काम महागच पडणार, त्यावर त्यांच्याकडे कधीच तोड निघाली नाही. मॉरिस पुढे उघड समाजवादी झाला तरी गिऱ्हाईक श्रीमंतच राहिलं. ओळखायचं असेल तर: लाकडाचे सांधे लपवलेले नसतात, उलट दाखवलेले असतात, ओकसारखं स्थानिक लाकूड, पाना-फुला-पक्ष्यांची सपाट नक्षी, आणि मध्ययुगाची ओढ.

४. आर्ट नूवो, युगेंडस्टिल, सेसेशन, मॉडर्निस्मे, लिबर्टी... हे सगळं एकच का?

एकाच कुटुंबातलं म्हणा. साधारण १८९० ते १९१०. पॅरिसमध्ये सीगफ्रीड बिंगचं १८९५ मधलं दुकान, त्याच्या नावावरून आर्ट नूवो. म्युनिकचं १८९६ मधलं 'युगेंड' मासिक, त्यावरून युगेंडस्टिल. इटलीत लंडनच्या लिबर्टी दुकानावरून लिबर्टी. बार्सिलोनाच्या बाजूला मॉडर्निस्मे, तिथला आर्किटेक्ट गाउदी सगळ्यांना माहीत असतो. भांडण सगळ्यांचं एकच, जुन्या ग्रीक-रोमन-गॉथिक शैलींच्या कॉप्या बस्स झाल्या, नवीन काळाला नवीन रूप द्या.

पण सगळं एकसारखं दिसत नाही. ब्रसेल्स आणि पॅरिसकडे चाबकासारखी वळणारी रेघ, व्हिक्टर होर्ताचं ब्रसेल्समधलं १८९३ चं तासेल घर बघा, जिन्याचं लोखंड, भिंत, फरशी सगळीकडे एकच वेल पसरत गेल्यासारखी वाटते. व्हिएन्नाचे सेसेशनवाले (१८९७, जुन्या कलाकार संघटनेतून फुटून निघालेले) आणि ग्लासगोचा मॅकिंटॉश मात्र हळूहळू चौकोनाकडे, सरळ रेघांकडे गेले. म्हणून व्हिएन्नाच्या होफमानचं काम दाखवून "हे आर्ट नूवो कसं?" असं विचारतात ते बरोबरच विचारतात, ते काम अर्धं पुढच्या काळात आहे.

अजून एक, हे सगळं हातकाम होतं असं समजू नका. एक्तोर गिमारची पॅरिस मेट्रोची १९०० मधली प्रवेशद्वारं ओतीव लोखंडाची, साचे करून परत परत काढता येतील अशी होती.

५. आर्ट नूवो आणि आर्ट डेको, फोटो दाखवला की दर वेळी गोंधळ होतो. सोपी खूण सांगा.

रेघ बघा. वेलीसारखी वळत, निमुळती होत, कुठे संपते ते कळत नाही अशी असेल तर नूवो. पट्टीने मारलेली, झिगझॅग, पायऱ्यापायऱ्यांची, सूर्याचे किरण पसरल्यासारखी, दोन्ही बाजू सारख्या असेल तर डेको. नूवोतली बाई लांब मोकळ्या केसांची (आल्फोन्स मुखा या चित्रकाराची पोस्टरं), डेकोतली बॉब कट केलेली. फुलं डेकोतही असतात हे लक्षात ठेवा, पण ती भूमितीत बसवलेली. नुसतं फूल दिसलं म्हणून नूवो लिहू नका. आणि मटेरियल: डेकोला एबनीचं लाकूड, हस्तिदंत, शार्कचं कातडं, लॅकर असला भपका आवडतो, नंतर नंतर क्रोम आणि बेकेलाइट (सुरुवातीचं प्लास्टिक).

६. आर्ट डेकोवाले स्वतःला आर्ट डेको म्हणायचे का? आणि स्ट्रीमलाइन म्हणजे तेच ना?

नाही म्हणायचे. पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनाच्या लांबलचक नावातून ते आलंय आणि रूढ झालं १९६० च्या दशकात. जाहीरनामा नाही, नेता नाही, शाळा नाही. इजिप्त (तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडली, नंतर सगळ्यांना पिरॅमिडचं वेड लागलं), क्युबिझम, रशियन बॅले, माया संस्कृतीचे नमुने, जे आवडेल ते उचललं. मूव्हमेंटपेक्षा हवा म्हणा.

स्ट्रीमलाइन हा तिचा अमेरिकेतला धाकटा भाऊ, १९३० चं दशक. मंदी आलेली, माल खपत नव्हता, म्हणून कंपन्यांनी रेमंड लोवी, नॉर्मन बेल गेडिस असल्या डिझायनर लोकांना बोलावून जुन्याच मशीनवर गुळगुळीत नवीन कवच चढवून घेतलं. आगगाडीला तो आकार शोभतो, पण लोवीने १९३३ मध्ये पेन्सिलच्या शार्पनरलाही वारा कापायचा आकार देऊन ठेवला, जो टेबलावरून हलणारच नाही. डेकोमध्ये उभ्या रेघा जास्त, स्ट्रीमलाइनमध्ये आडव्या, कोपरे गोल.

७. टाइमलाइनमध्ये एक मूव्हमेंट संपते मग दुसरी सुरू होते असं दाखवतात. खरंच असं झालं का?

अजिबात नाही, आणि त्यासाठी तेच १९२५ चं पॅरिसचं प्रदर्शन बघा. एकीकडे रूलमानचं उंची लाकडाचं फर्निचर, ज्याला आपण आज डेको म्हणतो. त्याच आवारात आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचा पांढरा मंडप, आत कारखान्यातलं तयार सामान, म्हणजे शेजारच्या भपक्याला सरळ तोंडावर उत्तर. आणि सोव्हिएत मंडपात रोदचेन्कोने मांडलेला कामगारांचा क्लब, टेबलं-खुर्च्या साध्या लाकडाच्या, दुमडता-हलवता येणाऱ्या. तीन वेगळे विचार, एक वर्ष, एक तिकीट. अमेरिकेने त्यात भागच घेतला नाही, आणि पाच वर्षांनी आर्ट डेकोचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण उभं राहिलं ते न्यूयॉर्कचं क्रायस्लर बिल्डिंग. तेव्हा टाइमलाइन पाठ करा, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका.

८. बाउहाउस म्हणजे नक्की काय, शाळा की स्टाईल?

शाळा. फक्त १४ वर्षं चाललेली. १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियसने सुरू केली, १९२५ मध्ये देसाउला गेली, १९३२ मध्ये बर्लिनला, आणि १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बंद झाली. तीन गावं, तीन डायरेक्टर, आणि तिघांचं म्हणणं वेगवेगळं, म्हणून "बाउहाउसचं म्हणणं काय" याला एक उत्तर नाहीच.

सुरुवातीचं बाउहाउस कोणाला दाखवलं तर ओळखूच येणार नाही. जाहीरनाम्यावर फाइनिंगरने लाकडावर कोरलेलं कथीड्रल (मोठं चर्च), मजकुरात "परत कारागिरीकडे चला", म्हणजे जवळजवळ मॉरिसच (प्रश्न ३). पहिला बेसिक कोर्स घेणारा योहानेस इटेन वर्गाआधी श्वासाचे व्यायाम करून घ्यायचा. मग १९२३ मध्ये ग्रोपियसने घोषणा बदलली, कला आणि तंत्रज्ञान यांची नवी एकी, इटेन गेला, मोहोली-नॉज आला, आणि तिथून ते बाउहाउस सुरू होतं जे आपल्या डोक्यात असतं: वाकवलेल्या स्टील पाइपची ब्रॉयरची खुर्ची, मारिआने ब्रांटची अर्धगोल चहाची किटली, हर्बर्ट बायरची फक्त छोट्या लिपीतली अक्षरं, देसाउची काचेची इमारत (१९२६). १९२८ मध्ये हानेस मायर डायरेक्टर झाला, त्याचं म्हणणं लक्झरी नको, लोकांची गरज बघा. त्याच्याच काळात शाळेचा सगळ्यात खपाऊ माल निघाला आणि तो होता वॉलपेपर! हे सांगितलं की लोक चकित होतात कारण बाउहाउस म्हटलं की सगळ्यांना कोऱ्या पांढऱ्या भिंतीच आठवतात. १९३० पासून डायरेक्टर आर्किटेक्ट मीस व्हान डर रोह, आणि मग शाळा मुख्यतः आर्किटेक्चरची झाली.

एवढ्या छोट्या शाळेचं एवढं नाव का, तर बंद झाल्यावर माणसं पांगली. ग्रोपियस हार्वर्डला, मीस आणि मोहोली-नॉज शिकागोला, आल्बर्स दांपत्य ब्लॅक माउंटन कॉलेजला. आजही डिझाईन कॉलेजांत पहिल्या वर्षी जो फाउंडेशन कोर्स असतो तो तिथून आलेला आहे.

९. "फॉर्म फॉलोज फंक्शन" हे बाउहाउसचं वाक्य ना?

ना. वाक्याचा अर्थ, आकार हा उपयोगातून यावा. ते शिकागोचा आर्किटेक्ट लुइस सलिव्हनचं, १८९६, उंच ऑफिस इमारतींवरचा लेख. आणि याच सलिव्हनने आपल्या इमारती टेराकोटाच्या नक्षीने भरून टाकल्या, बफलोची गॅरंटी बिल्डिंग बघा. त्याच्या दृष्टीने नक्षी आणि हे वाक्य यांच्यात भांडण नव्हतं. नक्षीला गुन्हा म्हणणारा वेगळा, व्हिएन्नाचा आडोल्फ लोस. पण त्याच्याही व्हिएन्नातल्या मिखाएलरप्लाट्झवरच्या इमारतीला खालचे मजले हिरव्या शिरांच्या भारी संगमरवराचे आहेत, त्याला चिकटवलेली नक्षी नको होती, भारी मटेरियल चालत होतं.

१०. बार्सिलोना चेअर, फ्युचुरा फॉन्ट, फ्रँकफर्ट किचन, हे बाउहाउस धरायचं का?

दिसायला धरा, इतिहास लिहिताना धरू नका. बार्सिलोना चेअर मीस आणि लिली राइशची १९२९ ची, तेव्हा दोघांचाही शाळेशी संबंध नव्हता. फ्युचुरा (१९२७) पाउल रेनरचा, तो तिथे कधी शिकवायला नव्हता. फ्रँकफर्ट किचन १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्कीने फ्रँकफर्ट शहराच्या घरबांधणीसाठी केलं, पावलं मोजून, कुठे हात पोचतो ते बघून, आणि सगळ्या फिट केलेल्या किचनची आजी तीच. या सगळ्यांना "जर्मन मॉडर्निझम" म्हणा, वाद मिटला.

११. बाउहाउसमध्ये बायका होत्या का? फोटोत दिसतात पण नावं कुठेच नाहीत.

भरपूर होत्या. जाहीरनाम्यात समान प्रवेश म्हटलेलं, मुली इतक्या आल्या की मग ग्रोपियसच बिचकला आणि त्यांना विणकामाकडे ढकलायला सुरुवात झाली. तरी त्याच विणकाम वर्कशॉपमधून गुंटा श्टोल्ट्सल, ॲनी आल्बर्स, ओटी बेर्गर निघाल्या. आल्बर्सचं १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एकटीचं प्रदर्शन झालं, कापडाच्या कामाला तो मान तिथे पहिल्यांदाच मिळाला. बेर्गर ज्यू होती, ती आउशविट्झला मारली गेली. धातूकामात घुसली ती ब्रांट.

१२. लाल-निळा-पिवळा दिसला की डे स्टाइल लिहू की बाउहाउस? आणि लाल-काळा?

आडव्या-उभ्या काळ्या रेघा, मूळ तीन रंग, तिरपं काहीच नाही: डे स्टाइल, हॉलंड, १९१७ चं व्हान डूसबर्गचं मासिक. मोंड्रियान इथला. रीटव्हेल्डची लाल-निळी खुर्ची सगळ्यांना पाठ असते, पण ती आधी काही वर्षं बिनरंगाचीच होती, रंग १९२३ च्या सुमाराला आले. राहायचं घर बघायचं तर उट्रेख्टचं श्रोडर घर, १९२४, वरच्या मजल्याच्या भिंती सरकवता येतात. डूसबर्गने पुढे तिरप्या रेघा आणल्या आणि मोंड्रियानचं त्याच्याशी बिनसलं. तिरप्या रेघेवरून!

लाल-काळा, तिरका मजकूर, फोटो कापून चिकटवलेले: रशियन कन्स्ट्रक्टिव्हिझम. रोदचेन्को, स्तेपानोवा, लिसित्स्की. यांचं भांडण कलेशीच होतं, चित्रं काढणं सोडा आणि कारखान्यात जाऊन उपयोगाचं काहीतरी करा. स्तेपानोवा आणि पोपोवा खरोखर मॉस्कोच्या कापड गिरणीत जाऊन डिझाईन करायच्या. पुढे राज्यानेच हे सगळं गुंडाळायला लावलं.

बाउहाउसने दोघांकडूनही उचललं. व्हान डूसबर्ग वायमारला जाऊन शाळेच्या बाहेर स्वतःचा क्लास घ्यायचा, नोकरी काही मिळाली नाही त्याला.

१३. स्विस स्टाईल म्हणजे हेल्वेटिका वापरायचा, इतकंच ना?

हेल्वेटिका १९५७ मध्ये आला, तोही नोए हास ग्रोटेस्क या नावाने, हेल्वेटिका नाव १९६० चं. म्युलर-ब्रॉकमानची झुरिकच्या कॉन्सर्टची गाजलेली पोस्टरं आक्त्सिडेंत्स ग्रोटेस्कमध्ये आहेत, जो १९ व्या शतकाच्या शेवटचा टाइपफेस. स्टाईलचा गाभा फॉन्ट नाही, ग्रिड आहे: पानाचे आधी भाग पाडा, मग मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा, चित्रापेक्षा फोटो, मध्यावर आणलेलं काही नको, आणि डिझायनरचा स्वतःचा आवाज दिसता कामा नये. हेल्वेटिका वापरून सगळं मध्यावर आणलंत तर ते स्विस नाही.

या सगळ्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जर्मन टायपोग्राफर यान चिखोल्ड, याने १९२८ मध्ये नवीन टायपोग्राफीचे कडक नियम लिहिले, नाझींनी त्याला अटक केली, स्वित्झर्लंडला पळाला, आणि पुढे म्हणायला लागला की हा कडकपणाच मला हुकूमशाहीसारखा वाटतो. मग लंडनला पेंग्विनच्या पुस्तकांची मांडणी केली ती जुन्या सेरिफ (टोकांना छोट्या रेघा असलेल्या) अक्षरांत, मध्यावर. त्याच्या या मत बदलण्यावर मॅक्स बिल हा स्विस डिझायनर चिडला. ते भांडण वाचण्यासारखं आहे.

१४. मिड-सेंच्युरी मॉडर्न ही मूव्हमेंट आहे का?

लेबल आहे, १९८४ च्या एका पुस्तकानंतर रूढ झालं. मुळात युद्धात शिकलेलं तंत्र घरात आलं. ईम्स या डिझायनर दांपत्याने अमेरिकन नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या फळ्या प्लायवूड वाकवून केल्या आणि मग त्याच तंत्राने खुर्च्या. निमुळते पाय, लाकडाचा मऊ आकार, बाउहाउसपेक्षा माणसाळलेलं. डेन्मार्कवाले यात येतात (याकोबसनची मुंगी खुर्ची, १९५२) पण त्यांची सुतारकामाची परंपरा वेगळी, एकाच पोत्यात भरू नका.

१५. ब्रुटलिझम म्हणजे काँक्रीटची इमारत, बरोबर?

बहुतेक वेळा हो, पण इंग्लंडमध्ये ज्या इमारतीवरून हा वाद पेटला ती स्मिथसन या आर्किटेक्ट दांपत्याची हन्स्टन्टनची शाळा (१९५४) स्टील, वीट आणि काचेची आहे. मुद्दा असा की जे आहे ते झाकू नका, पाइप, वायरी, बीम सगळं उघडं. काँक्रीटचं वळण ल कॉर्बुझिएच्या मार्सेयच्या इमारतीने (१९५२) लावलं, तिथे फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेत. म्हणून प्लास्टर करून रंगवलेली राखाडी ठोकळा इमारत ब्रुटलिस्ट नाही, आणि काही विटांच्या इमारती मात्र ब्रुटलिस्ट आहेत.

१६. पोस्टमॉडर्न आणि मेम्फिस यात फरक काय?

पोस्टमॉडर्न मोठी छत्री, मेम्फिस तिच्याखालचा एक ग्रुप. आर्किटेक्ट रॉबर्ट व्हेंचुरीने १९६६ मध्येच मीसच्या "लेस इज मोअर"ची (जितकं कमी तितकं चांगलं) "लेस इज अ बोअर" म्हणून टर उडवली होती. भांडण सरळ होतं: तुमचा कोरा डबा सगळ्या जगात सारखा, त्यात आठवण नाही, विनोद नाही. म्हणून परत खांब, कमानी, रंग, पण गंमत म्हणून. मायकल ग्रेव्हजची १९८५ ची किटली, तोटीवर शिट्टी मारणारा छोटा पक्षी.

मेम्फिस मिलानचं. साठी ओलांडलेला डिझायनर एतोरे सोटसास आणि त्याच्या निम्म्या वयाची पोरं १९८० च्या डिसेंबरमध्ये त्याच्या घरी जमली, पुढच्या सप्टेंबरला पहिलं प्रदर्शन. सनमायकासारखं लॅमिनेट, जे हॉटेलच्या काउंटरला लावायचं, ते त्यांनी मुद्दाम दिवाणखान्यात आणलं. सोटसासचं कार्लटन शेल्फ तिरप्या फळ्यांचं, पुस्तकं कशी ठेवायची ते विचारू नका. स्वस्त मटेरियल, किंमत प्रचंड, गिऱ्हाईक कार्ल लागरफेल्डसारखा फॅशन डिझायनर. प्रश्न ३ परत वाचा, शंभर वर्षांनी उलट्या दिशेने तिथेच आलो.

१७. फ्लॅट डिझाईन ही मूव्हमेंट धरायची का?

भांडण होतं खरं: स्क्रीनवर खोटं चामडं, खोटं लाकूड, खोटी शिवण कशाला. विंडोज फोन (२०१०) आणि मग आयओएस ७ (२०१३) यांनी ते काढलं, आणि मांडणी सरळ प्रश्न १३ मधून उचलली. पण मोठ्या कंपन्यांनी वरून लावलेल्या बदलाला मी मूव्हमेंट म्हणणार नाही. तुम्ही म्हणा.

१८. थोनेटची कॅफे खुर्ची कशात टाकायची? कुठल्याच यादीत नीट बसत नाही.

बसणारच नाही. मायकेल थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची, म्हणजे मॉरिसच्या फर्मच्याही आधीची. वाफेवर वाकवलेलं बीचचं लाकूड, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात जायच्या. जाहीरनामा नाही, भांडण नाही, नुसता धंदा. आणि प्रश्न ७ मधल्या ल कॉर्बुझिएच्या मंडपात बसायला ठेवल्या होत्या त्या थोनेटच्याच खुर्च्या, सहासष्ट वर्षांनी. उत्तरपत्रिकेत रकाना भरायचाच असेल तर औद्योगिक उत्पादनाच्या सुरुवातीखाली टाका. आर्ट नूवोखाली टाकू नका, वळणदार लाकूड बघून बरेच जण तेच करतात.